वास ओळखीचा, बियाणं कोणाचं?

तापी ओलांडून उत्राण मागे टाकलं की कोसाड. आम्ही खानदेशी माणसं इथे आलो ती भाकरीची सवय घेऊन. भात शिकलो तो सुरतेत. सायण-ओलपाडकडे भातशेती आहे, आणि दुकानात सुरती कोलम मिळतो. बारीक, मोकळा, खिचडी-कढीला उत्तम. दिवाळीला मात्र पुण्याहून येणाऱ्याला मी आंबेमोहर आणायला सांगतो. पातेल्यावरचं झाकण जरा सरकवलं की पहिल्या वाफेलाच घरभर आंब्याचा मोहर दरवळतो. दाणा आखूड, भात मऊ, किंचित चिकट, वर तूप-मेतकूट. एकदा इथल्याच दुकानातून ‘आंबेमोहर’ लिहिलेली थैली आणली. भात झाला, वास नावालाही नाही.

आंबेमोहराचं पीक वाऱ्यापावसात लोळतं, उताराही कमी. म्हणून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढला. तो १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. उत्पन्न वाढलं, वास थोडा राहिला, आणि मूळ वाण मागे पडत गेलं. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा?

आजरा घनसाळ आणि आंबेमोहर या तांदळांना २०१६ मध्ये, वाडा कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव राखलं जातं. बियाण्यावर हक्क कोणाचा, हे ठरवणारा कायदा वेगळा: पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. असा हक्क परकाही सांगू शकतो, हे आधीच दिसलं होतं: बासमतीवर एका अमेरिकी कंपनीने १९९७ साली पेटंट मिळवलं तेव्हा देश खडबडून जागा झाला होता. भारताने हरकत घेतल्यावर त्यातले बहुतेक दावे टिकले नाहीत.

शेतकरी हक्क कायद्याची गरज कळायला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्याकडे पाहावं. १९८३ साली ‘पटेल ३’ भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, वर्षामागून वर्षं निवडत राहिले. त्यातून बारीक दाण्याचा ‘एचएमटी’ तांदूळ आला; त्या काळी गाजलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. तो सुवासिक नाही, पण देशभर पिकला; त्याचा मोबदला मात्र दादाजींच्या पदरी पडला नाही. २०१८ साली ते गेले, हलाखीतच. याची मला आजही लाज वाटते.

दुसरं उदाहरण गुजरातचंच. २०१९ साली पेप्सिकोने एफएल २०२७ हा बटाट्याचा वाण पिकवल्यावरून साबरकांठ्यातल्या चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीहून अधिक रकमेचे दावे लावले. ओरड झाली, महिन्याभरात दावे मागे घेतले गेले. वाणाची नोंदणी डिसेंबर २०२१ मध्ये याच कायद्याखालच्या पीक वाण संरक्षण प्राधिकरणाने रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती पुन्हा लागू केली.

पण कंपनीची नोंदणी राहिली म्हणून शेतकऱ्याचा हक्क जात नाही. कलम ३९ स्वच्छ सांगतं: संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो, फक्त ब्रँडचा शिक्का मारून विकायचं नाही. माझ्या मते हे कलम प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं पाहिजे.

घरात जुनं भात राखलेलं असेल, मग ते मुळशीत असो, आजऱ्यात असो की ओलपाडला, तर त्याच्या नोंदणीचा अर्ज करा. शेतकऱ्याला प्राधिकरणापुढच्या कामकाजाची फी माफ आहे.