चाळीस जणांचा एक राक्षस

बेळगावात शिवजयंती परंपरेप्रमाणे वैशाख शुद्ध द्वितीयेला होते. त्यानंतरची चित्ररथ मिरवणूक नरगुंदकर भावे चौकातून निघते आणि पहाटेपर्यंत चालते. एरवी दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा तरुण त्या रात्री ट्रॉलीवर अफझलखान असतो, कॉलेजात मागच्या बाकावर बसणारा बाजीप्रभू. कुणाकडे संवादांचं रेकॉर्डिंग, कुणाकडे जनरेटर, तर कुणाकडे आडव्या येणाऱ्या तारा बांबूने उचलून धरायचं काम. बांबूवाल्याने हलगर्जी केली तर अख्खा प्रतापगड गल्लीच्या तोंडाशी अडकतो. पोरं कामधंदा सोडून यात का रमतात, असा प्रश्न इथे कुणाला पडत नाही. तीच पोरं रात्री हेडफोन लावून ऑनलाइन गेममध्ये रमली की मात्र घरोघरी पडतो. दोन्हींचं उत्तर बरंचसं एकच आहे.

हजारो लोक एकाच वेळी एका काल्पनिक जगात शिरतात, आपापलं पात्र घेतात आणि ते महिनोन्‌महिने वाढवतात, अशा खेळांना ‘एमएमओआरपीजी’ म्हणतात. निपाणी, चिकोडी, खानापूरकडची मुलं मोबाइलवर खेळायची तो पब्जी, किंवा २ सप्टेंबर २०२० च्या बंदीनंतर २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय, याच्या जवळचा पण वेगळा. तिथला सामना अर्ध्या तासात आटोपतो आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात. एमएमओआरपीजीचं जग तुम्ही झोपलात तरी चालू असतं. तिथे बाजार भरतो, भाव चढतात-उतरतात, आणि काल मिळवलेली ढाल आजही तुमच्याकडेच असते. भारतात हा प्रकार फारसा रुजला नाही. ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ची भारतीय आवृत्ती आली, पण टिकली नाही. अशा खेळांना बरा संगणक, न तुटणारं इंटरनेट आणि बऱ्याचदा महिन्याची वर्गणी लागे. आपल्याकडे स्वस्त इंटरनेट घराघरांत पोचलं ते मोबाइलवरून.

या खेळांचं मूळ १९७८ सालचं. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढवला. चित्र एकही नाही, सगळा कारभार मजकुरावर. तरी लोक चिकटले. का, ते बार्टलने १९९६ च्या एका निबंधात पत्त्यांचे चार रंग घेऊन सांगितलं. चौकटवाल्यांना लेव्हल आणि संपत्ती हवी असते. इस्पिकवाले जमीन खणल्यासारखे त्या जगाचे कानेकोपरे शोधत हिंडतात. बदामवाल्यांना माणसं हवी असतात, खेळ हे गप्पांचं निमित्त. किलवरवाल्यांना दुसऱ्याला चीत करण्यात आनंद. पुढे २००६ मध्ये निक यी या संशोधकाने तीन हजार खेळाडूंच्या उत्तरांवरून ही विभागणी तपासली आणि तीन मोठ्या प्रेरणा मांडल्या: कमाई, सोबत आणि त्या जगात बुडून जाणं. एकाच माणसात तिन्ही असू शकतात, हेही त्याने दाखवलं.

या तिन्ही एकत्र बघायच्या तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधल्या एका मोहिमेकडे बघावं. हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ ला आला आणि २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले. त्यातल्या ‘मोल्टन कोअर’ या ज्वालामुखीच्या गुहेत चाळीस जणांनी मिळून उतरायचं असे. पुढे उभा राहतो तो टँक. राक्षसाचा राग स्वतःवर ओढून घ्यायचा, एवढंच त्याचं काम. मागे हीलर, टँकचा जीव भरून काढणारे. उरलेले घाव घालणारे. यातल्या एकाने उतावीळपणे जास्त घाव घातले की राक्षस टँकला सोडून त्याच्याकडे वळतो, हीलर मरतात आणि दोन मिनिटांत चाळीसच्या चाळीस आडवे. मग पुन्हा गुहेच्या तोंडापासून चालत यायचं. अशा हाराकिरीत रात्री जात, आणि एके दिवशी राक्षस पडला की कानातल्या हेडफोनवर एकच गिल्ला.

गंमत पुढे आहे. राक्षसाकडून मिळणाऱ्या वस्तू मोजक्या आणि वाटेकरी चाळीस. भांडणं टाळायला खेळाडूंनी स्वतःच हिशेब बसवला. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्येच ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ निघाले: हजेरी लावा, गुण साठवा, आणि हवी ती वस्तू गुण खर्चून घ्या. कंपनीने असा नियम केलेला नव्हता. वर्गणी, हजेरी, रुसवेफुगवे, फूट आणि नवं मंडळ, हे सगळं तिथल्या गिल्डमध्येही, म्हणजे खेळाडूंच्या मंडळातही, यथासांग होतं.

मजेचं मर्म या मोहिमेत सापडतं. तिथे तुमच्यावाचून कुणाचं तरी अडतं. नॉर्वेचा मॅट्स स्टीन स्नायूंच्या दुर्धर आजाराने खुर्चीला खिळलेला होता. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा पोरगा एकाकी जगला म्हणून आईवडील हळहळत होते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी टाकली आणि अनोळखी लोकांची पत्रं येऊ लागली. ‘इबेलिन’ या नावाने त्याने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधल्या गिल्डमध्ये कित्येकांना आधार दिला होता. त्यातले काही जण अंत्यविधीला परदेशातून आले.

नाण्याची दुसरी बाजूही आहे. राक्षसाकडून हवी ती वस्तू कधी मिळेल ते ठाऊक नसणं हीच तर ओढ, आणि ही ओढ काहींना सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत जागा दिली. पण त्याची कसोटी नुसते तास ही नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणं, अशी ती आहे.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरातला मुलगा स्क्रीनला चिकटलेला दिसला, तर ‘किती वेळ झाला?’ याच्या आधी ‘तुझ्याकडे काम काय आहे तिथे?’ असं विचारावं. टँक, हीलर, नुसता हिंडणारा, काहीही सांगेल. त्यावरून त्याला काय हवंय ते कळतं, आणि ते घरात, गल्लीत, मैदानावर मिळतंय का, हेही तपासता येतं. मिळत नसेल, तर नुसता वायफाय बंद करून भागणार नाही.