दिवा विझू द्या, बॅटरी वाचवा

२००५ नंतरच्या भारनियमनात सोलापुरात विड्या वळणाऱ्या घरांतही इमर्जन्सी दिवे आले. मुलांचा अभ्यास त्यावरच चाले. पण दिवा मिणमिणेपर्यंत चालू ठेवायचा, ही आपली खोड कंदिलाच्या काळातली! तेल संपले म्हणून कंदील बिघडत नाही, बॅटरी बिघडते. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी १०.५ व्होल्टच्या खाली जाऊन तशीच पडून राहिली, की पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग ती नीट चार्ज होत नाही, आणि नवीन घ्यायची म्हणजे घरखर्चाला कात्री.

उपाय घरी करता येतो. बॅटरीच्या धन टोकाला फ्यूज, पुढे १२ व्होल्टच्या रिलेचा एरवी उघडा राहणारा संपर्क. त्यातूनच दिव्याला व सर्किटला वीज द्यावी. संपर्काला समांतर पुश बटण. रिलेची गुंडाळी बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर, एमिटर ऋण टोकाला. बेसला १० व्होल्टचा झेनर डायोड आणि १ किलोओहमचा रेझिस्टर. गुंडाळीवर एक साधा डायोड उलटा लावावाच, नाहीतर ट्रान्झिस्टर जळेल.

बटण दाबले की रिले स्वतःला धरून ठेवतो. व्होल्टेज पावणेअकराच्या आसपास उतरले की सुटतो. दिवा विझल्यावर व्होल्टेज थोडे वर चढते, पण त्याला भुलून पुन्हा बटण दाबू नका. त्या रात्री मेणबत्ती लावा.