मुलांना जंतू समजावून सांगताना

पाचवी-सहावीच्या मुलांना विचारा, जंतू म्हणजे काय? उत्तर ठरलेले असते: “छोटा किडा!” जाहिरातींनी त्याला हिरवा रंग, दात आणि शिंगेही दिली आहेत. आमच्या वर्गातली मुले घरी उर्दूत ‘जरासीम’ म्हणतात, बाहेर मराठीत ‘जंतू’ आणि इंग्रजी तासाला ‘जर्म्स’. शब्द तीन, डोळ्यांपुढचे चित्र मात्र एकच. घोटाळा होतो तो इथेच.

म्हणून आम्ही सुरुवात शब्दापासूनच करतो. इंग्रजीतला ‘जर्म’ लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ अंकुर. गव्हाच्या दाण्यातला जो भाग रुजतो त्यालाही विज्ञान ‘जर्म’च म्हणते. बिस्किटाच्या पाकिटावर ‘व्हीट जर्म’ वाचून मूल दचकले तर हसू नये. ती गव्हाच्या दाण्यातली सर्वांत पौष्टिक जागा आहे, एवढे सांगावे. पुढची पिढी जिच्यापासून जन्मते त्या जननपेशीलाही ‘जर्म सेल’ हेच नाव आहे. आणि आपला ‘जरासीम’? त्याचे एकवचन ‘जुर्सूमा’, अरबीत अर्थ मूळ, उगम. म्हणजे दोन्हीकडे कल्पना एकच: जिथून काही वाढू लागते ती जागा. एकोणिसाव्या शतकात पाश्चर आणि कॉख यांनी रोगांचे कारण सूक्ष्मजीवांत शोधले, 1882 मध्ये कॉख यांनी क्षयाचा जीवाणू दाखवला, तेव्हा ‘रोगाचे बीज’ या अर्थाने हा शब्द घरोघरी गेला.

पण रोगाची ही बीजे एका जातीची नाहीत. जीवाणू ही एक पूर्ण, जिवंत पेशी असते. केसाच्या जाडीत तीस-चाळीस जीवाणू ओळीने बसतील. विषाणू त्याहून दहा-वीस पट लहान. तो खात नाही, वाढत नाही. पेशीबाहेर निर्जीव कणासारखा पडून असतो आणि आपल्या पेशीत शिरला की तिच्याकडूनच स्वतःच्या नकला करवून घेतो. मुलांना हे लगेच पटते. “म्हणजे सर्व काम दुसऱ्याकडून!” असे एका मुलीने म्हटले होते. याहून चांगली व्याख्या आम्हाला अजून सापडलेली नाही.

हा फरक परीक्षेपुरता नाही. पेनिसिलिनसारखे औषध जीवाणूच्या पेशीची भिंत बनू देत नाही. विषाणूला भिंतच नाही, मग औषध मोडणार काय? तरीही सर्दी-तापात मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली फ्रिजमधून निघते, नाही तर मेडिकलवाल्याला विचारून चार गोळ्या आणल्या जातात. विषाणूला त्याने काही होत नाही. शरीरातले जीवाणू मात्र त्या औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध चालत नाही.

गोवर हा विषाणूचा आजार. 2022 च्या अखेरीस घाटकोपरला लागून असलेल्या गोवंडीत तो पसरला, मुले दगावली. लस न घेतलेली मुले त्यात बरीच होती. महानगरपालिकेने साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला. “दाणे बाहेर पडू द्या, आपोआप उतरेल,” हे बोल आम्ही अनेक घरांत ऐकतो. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, त्यामुळे भांडी वेगळी ठेवून तो थांबत नाही. लसीचे दोन डोस, नऊ महिन्यांनंतर आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, हाच त्यावरचा उपाय.

लसीची भीती मुंबईला नवी नाही. 1896 मध्ये प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी प्लेगचे जीवाणू वाढवून, उष्णतेने मारून लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा तिसरे आगा खान यांनी लोकांसमोर लस घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. “मेलेले जंतू अंगात कशाला?” असे मुले विचारतात. शरीराने शत्रूचा चेहरा आधी पाहून ठेवावा म्हणून, हे उत्तर त्यांना पुरते.

बाकीचे दोन प्रकार थोडक्यात. मलेरियाचा परजीवी हा आदिजीव, त्याची औषधेच वेगळी, म्हणून रक्ततपासणी आधी. गजकर्ण बुरशीमुळे होते; दुकानातून विचारून आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमाने खाज थांबते आणि चट्टा पसरतो.

आणि सगळेच शत्रू नाहीत, हे सांगायला विसरू नये. विरजणातले जीवाणू दुधाचे दही करतात. नान-पावाचे खमीर ही बुरशीच्याच कुळातली एक पेशी.

एक प्रश्न दरवर्षी येतो: वजू केल्याने जरासीम जातात का? वाहत्या पाण्याने हात चोळून धुतले की पुष्कळसे निघून जातात. पण वजू ही इबादत आहे, साबणाची जागा ती घेत नाही. साबण अनेक विषाणूंचे स्निग्ध आवरण फोडतो, त्याला वीसेक सेकंद लागतात. शौचानंतर आणि जेवणाआधी साबण हवाच.

घरी करता येईल असा एक प्रयोग. पावाचे दोन तुकडे घ्या, एक कोरडा, एक पाण्याचे चार थेंब शिंपडलेला. वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा आणि मुलाला रोज वहीत चित्र काढायला सांगा. मुंबईच्या पावसाळी हवेत चार-पाच दिवसांत ओल्या तुकड्यावर बुरशीचे ठिपके दिसू लागतील. पिशवी मात्र उघडू देऊ नका, तशीच कचऱ्यात टाका.