जुन्या लॅपटॉपची मुदतवाढ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संगणकप्रणालीला दिलेला आधार काढून घेतला, आणि ज्यांच्यात कसलाही बिघाड नाही अशा असंख्य लॅपटॉपांचे नाव त्या एका तारखेने निवृत्तीच्या यादीत चढवले. यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत. ती पूर्वीसारखीच सुरू होतात आणि सांगितलेले काम करतात. परंतु प्रणालीत नव्याने उघडकीस येणारी सुरक्षेची छिद्रे बुजवण्याचे जे काम दरमहा बिनबोभाट चालत असे ते थांबले, आणि ज्या यंत्रावरून मनुष्य आपले बँकेचे व्यवहार करतो ते दिवसेंदिवस अधिकाधिक असुरक्षित होत जाईल अशी परिस्थिती निर्माण झाली. नोंदणी करणाऱ्या वैयक्तिक वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची सवलत कंपनीने देऊ केली, पण तिने प्रश्न पुढे ढकलला, सोडवला नाही.

विंडोज ११ चा मार्ग वरकरणी खुला दिसतो. तथापि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रणालीने प्रवेशासाठी ज्या अटी मुक्रर केल्या, त्यांपैकी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर या दोन अटी अशा आहेत की, २०१७ पूर्वी बाजारात आलेले बहुतेक लॅपटॉप तेथेच अडतात. आता असा लॅपटॉप एखाद्या मध्यमवर्गीय घरात काय करीत असतो? मुलीचे शाळेचे प्रकल्प, आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद, विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, गावाकडच्या जमिनीचा सातबारा आणि रात्री एखादे जुने नाटक, एवढा त्याचा कारभार. हा कारभार करण्याचे त्राण त्याच्या अंगी अद्याप आहे. ज्याने पदरचे पैसे मोजून यंत्र विकत घेतले, त्याच्या कामाला ते पुरे पडते की नाही याचा निवाडाही त्यानेच करावा, दुसऱ्या कोणाच्या वेळापत्रकाने तो होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनश्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. धडधाकट यंत्र त्या ढिगात लोटण्यापूर्वी दुसरा उपाय आहे काय, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तो उपाय लिनक्सच्या रूपाने उपलब्ध आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली असा संकल्प जाहीर केला की, जिची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण संगणकप्रणाली आपण तयार करू. तिला त्यांनी ग्नू असे नाव दिले, आणि पुढे १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा असा परवाना तयार केला की, जो ती संहिता घेऊन तिच्यात फेरफार करील व ती फेरफार केलेली प्रत इतरांना देईल, त्याने घेणाऱ्यासही तेच सर्व हक्क दिले पाहिजेत. या प्रणालीचा गाभा मात्र अपुरा राहिला होता. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस तोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, दुसऱ्या वर्षी तिला स्टॉलमन यांचाच परवाना लावला, आणि हा गाभा व ग्नूची साधने एकत्र येऊन आज आपण जिला लिनक्स म्हणतो ती प्रणाली उभी राहिली. सामान्य वाचकाला ती अपरिचित वाटते, परंतु त्याच्या खिशातील अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो, आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्रे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच चालत आली आहेत.

हा गाभा, त्यासोबतची साधने, पडद्यावरची मांडणी आणि नित्योपयोगी कार्यक्रम यांचा जो तयार संच मिळतो त्याला जाणकार डिस्ट्रो म्हणतात. असे संच शेकड्यांनी आहेत आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ तेथेच होतो. १९९३ मध्ये सुरू झालेले डेबियन, त्यावर आधारलेले आणि २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी आरंभलेले उबुंटू, आणि उबुंटूवर आधारलेले लिनक्स मिंट, जे फ्रान्समध्ये जन्मलेल्या क्लेमाँ लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केले, ही एक वंशपरंपरा ध्यानात ठेवली तरी पुष्कळ झाले. माझी शिफारस निःसंदिग्धपणे मिंटची आहे. ज्याचा हात वर्षानुवर्षे विंडोजवर बसला आहे त्याला मिंटमध्ये खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातील मेनू, उजवीकडचे घड्याळ, हे सारे अपेक्षित जागी आढळते. नवीन कार्यक्रम हवा असल्यास संकेतस्थळे धुंडाळीत न बसता सॉफ्टवेअर मॅनेजर नावाच्या एकाच कोठारातून तो घेता येतो. आणि टाइमशिफ्ट नावाचे साधन प्रणालीची स्थिती वेळोवेळी जतन करून ठेवते, ज्यायोगे एखादा बदल बाधला तर पूर्वस्थितीवर परतता येते. मिंटचे तीन मुख्य प्रकार आहेत: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्यावे. चार जीबी असेल तर एक्सएफसीई, कारण ते दिसायला साधे असले तरी यंत्रावर त्याचा भार सर्वांत कमी पडतो. प्रोसेसर ६४-बिटचा असणे मात्र आवश्यक आहे. ३२-बिट यंत्रांसाठी मिंटच्या मुख्य आवृत्त्या २०२० पासून निघत नाहीत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१४-१५ च्या सुमाराचा, चार जीबी रॅमचा आणि ५०० जीबी हार्ड डिस्कचा लॅपटॉप जो रखडतो, तो बहुधा प्रोसेसरच्या वार्धक्यामुळे नव्हे, तर हार्ड डिस्कमुळे रखडतो. तीत फिरती तबकडी असते, बहुतेक लॅपटॉपांत मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी, आणि तिच्यावरून सरकणारा वाचक-काटा असतो. भल्यामोठ्या दप्तरखान्यात एकच कारकून असावा आणि प्रत्येक कागदासाठी त्याने उठून निराळ्या कपाटाशी जावे, तसा तिचा कारभार चालतो. तिच्या जागी एसएसडी बसवली, जीत फिरणारा भागच नसतो, तर त्याच लॅपटॉपात जो फरक पडतो तो कोणत्याही प्रणालीने एकटीने पडणार नाही. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक जुन्या लॅपटॉपांत हार्ड डिस्कच्याच खाचेत बसते, काही स्क्रू काढण्यापलीकडे त्यात कौशल्य लागत नाही, आणि सोबत रॅम चारची आठ जीबी करता आली तर आधुनिक वेबपानांचा भारही यंत्राला पेलवतो. रॅम मात्र काही सडपातळ लॅपटॉपांत मुख्य सर्किटावरच डाख दिलेली असते, तेव्हा खरेदीपूर्वी दुरुस्ती करणाऱ्याकडून खातरजमा करावी.

एसएसडी बसवण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो माझ्या दृष्टीने वेगापेक्षाही मोलाचा आहे. मिंट बसवताना दोन पर्याय समोर येतात: जुन्या प्रणालीशेजारी जागा करून राहणे किंवा संपूर्ण डिस्क पुसून नव्याने आरंभ करणे. पहिल्यात डिस्कची विभागणी करावी लागते, आणि यंत्रावर बिटलॉकरचे कुलूपबंद सांकेतिकीकरण चालू असेल तर त्याची रिकव्हरी-की हाताशी नसल्यास सारेच दस्तऐवज अडकून पडण्याची भीती असते. दुसऱ्यात पुसले गेलेले परत मिळत नाही. याउलट मिंट नव्या एसएसडीवर बसवले तर विंडोजसह जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी बाजूला काढून ठेवता येते, आणि महिन्याभराने मन बदलले तर तीच पुन्हा खाचेत सरकवता येते. परतीचा मार्ग असा शाबूत असला की नवखा मनुष्य निर्धास्तपणे शिकतो.

तरीही बॅकअप हा घेतलाच पाहिजे, आणि तो घेताना केवळ ‘डॉक्युमेंट्स’ची प्रत काढून समाधान मानू नये. लोकांचे महत्त्वाचे कागद बहुधा डेस्कटॉपवर आणि डाउनलोडमध्ये विखुरलेले असतात. ब्राउझरमधील खुणेची पाने व साठवलेले पासवर्ड, छायाचित्रे, घरखर्चाचे तक्ते, क्वचित एखाद्या खर्चिक कार्यक्रमाचा परवाना-क्रमांक, हे सर्व बाहेरच्या डिस्कवर उतरवावे, आणि ती डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून दोन-चार फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

यानंतरचे काम सोपे आहे. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून साधारण तीन जीबींची आयएसओ फाइल उतरवून घ्यावी आणि त्याच स्थळी दिलेल्या एसएचए-२५६ या ओळखसंख्येशी ती ताडून पाहावी. ही केवळ औपचारिकता नाही: फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन काही काळ लोकांना चोरवाट ठेवलेली बनावट फाइल मिळत होती, आणि तो प्रकार मिंटच्या चालकांनी स्वतःच तत्काळ जाहीर केला होता. मग विंडोजवरील रुफस किंवा एचर या साधनाने ती फाइल आठ जीबींच्या पेनड्राइव्हवर चढवावी, म्हणजे तो पेनड्राइव्ह बूट होण्याजोगा होतो; त्यावर आधी काही असल्यास ते पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. लॅपटॉप सुरू करताना कंपनीपरत्वे एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप ही कळ दाबली की कोठून बूट व्हायचे ते विचारले जाते.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडले म्हणजे ते अद्याप डिस्कवर बसलेले नसते. तेथे मनसोक्त हिंडून पाहण्याची मुभा असते, आणि नवख्याने या मुभेचा उपयोग घाई न करता करून घ्यावा. वाय-फाय जोडले जाते काय, आवाज येतो काय, कॅमेरा चालतो काय, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते काय, हे सारे पाहावे. वाय-फायच्या काही चिपांना, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, निराळा ड्रायव्हर लागतो. अशा वेळी फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि बसवणी झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरकडून तो मिळवावा. बसवणीत, डिस्कविषयीचा वर सांगितलेला पर्याय सोडल्यास, भाषा, कीबोर्ड, गाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड एवढेच विचारले जाते; मल्टिमीडिया कोडेकची चौकट तेवढी खूण करून मान्य करावी, म्हणजे चित्रफिती पुढे अडत नाहीत.

मराठी लेखनाची चिंता अनेकांना वाटते, ती निराधार आहे. इनस्क्रिप्ट हा भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केलेला कळफलक कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आधीच हजर असतो; ज्यांना रोमन अक्षरांवरून मराठी उमटवण्याची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस या साधनाद्वारे ती सोयही करता येते. युनिकोडमधील मजकूर कोठेही जसाच्या तसा वाचता येतो. अडचण होते ती युनिकोडपूर्व काळातील फाँटांत टंकलेल्या जुन्या कागदांची, कारण तो फाँट नसेल तेथे ते अगम्य रोमन चिन्हांत दिसतात. असे कागद स्थलांतरापूर्वीच युनिकोडमध्ये परिवर्तित करून घेणे इष्ट. पत्रे आणि तक्ते यांसाठी लिबरऑफिस असते; वर्डच्या फायली त्यात उघडतात, मात्र गुंतागुंतीची मांडणी किंचित ढळते आणि एक्सेलमधील मॅक्रो पुष्कळदा चालत नाहीत.

सबब काही जणांनी या वाटेला जाऊ नये असेच मी म्हणेन. ज्यांची वहीखाती टॅलीवर आहेत, ज्यांचे अक्षरजुळणीचे काम श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर चालते, ज्यांना फोटोशॉपवाचून भागत नाही, त्यांना लिनक्समध्ये आटापिटा करून जे साधेल ते विंडोजमध्ये सहज साधते. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन वापरणाऱ्यांनी पुरवठादार लिनक्ससाठी सॉफ्टवेअर देतो की नाही हे आधी विचारावे. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच ओळखले जातात. इतर काही कंपन्यांचे जुने लेझर प्रिंटर मात्र हटून बसतात.

शिकण्यासाठी मराठीत साधने नाहीत असेही नाही. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्यूटोरियल या प्रकल्पाने लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे लहान लहान पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत, आणि पाहता पाहता हाताने करून बघण्याची त्यांची पद्धत वयस्कांनाही मानवते. मोठ्या प्रमाणावर हे साधते काय, अशी शंका असेल तर केरळकडे पाहावे, जेथे सरकारी शाळांतील मुले गेली कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आहेत.

मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेची अद्यतने मिळणार आहेत. ती अपडेट मॅनेजरमध्ये आठवड्यातून एकदा पाहून मान्य करावीत, आणि त्याआधी टाइमशिफ्ट चालू असल्याची खात्री करावी. एवढ्या अवधीत जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा दगा देईल. ती फुगल्याचे दिसताच यंत्राचा वापर थांबवून ती बदलून घ्यावी, आणि जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी.