देहप्रतिमेचे विकार आणि मेंदू-संगणक जोडणी

अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी 'तपोवन' उभारले. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होऊन बधिरता येते व दुर्लक्षित जखमांमुळे बोटे झिजत जातात. मरिअन सिमेल यांनी १९५६ मध्ये असे नोंदविले की, क्रमाक्रमाने झिजलेल्या बोटांचा आभास मागे उरत नाही. मात्र उरलेला भाग शस्त्रक्रियेने काढल्यास आभास निर्माण होतो. म्हणजेच देहाचा नकाशा मेंदूत असतो व तो प्रत्यक्ष देहाशी जुळेलच असे नाही.

'बॉडी इंटिग्रिटी डिस्फोरिया' या विकारात अवयव निरोगी असतो, परंतु तो आपला वाटत नाही. काही रुग्ण तो कापून टाकण्याची मागणी करतात. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाने गेल्या शतकाच्या अखेरीस अशा दोन शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा मोठा नैतिक वाद झाला. मॅकजिओक, रामचंद्रन प्रभृतींच्या २०११ मधील अभ्यासात नकोशा भागास स्पर्श केला असता उजव्या पार्श्विक खंडाचा प्रतिसाद क्षीण आढळला. अभ्यासात रुग्ण अवघे चार होते, हे विसरता येत नाही.

येथे मेंदू-संगणक जोडणी उपयोगी पडेल काय? २००४ च्या 'ब्रेनगेट' प्रयोगात पक्षाघातग्रस्ताच्या मेंदूतील हालचालीचा हेतू वाचून संगणकाचा दर्शक हलविला गेला. २०१६ मध्ये पिट्सबर्ग येथे मेंदूस विद्युत्-उत्तेजन देऊन यांत्रिक हाताच्या स्पर्शाची संवेदनाही निर्माण करण्यात आली. तथापि प्रस्तुत विकारात हालचाल आणि स्पर्श दोन्ही शाबूत असतात; उणीव असते ती स्वामित्वभावाची, आणि तो निर्माण करणारा संकेत कोणता, हेच अद्याप उलगडलेले नाही.