रंग लहान होत नाही : किल्ल्यावरच्या चित्रांसाठी रंग निवडताना

मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिकांचा ‘रूप’ हा गुण पाहिला. त्यानंतर एका आजोबांचा प्रश्न आला. ते म्हणाले, रूपाचे सात प्रकार कळले. आता दिवाळीत नातीबरोबर किल्ल्यावरचे मावळे रंगवायचे आहेत, तर दुकानातून कुठले रंग आणू? प्रश्न ऐकून सभागृह हसलं, पण आम्हाला तो महत्त्वाचा वाटला. म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

कुंभारवाड्यात कोऱ्या, न रंगवलेल्या मूर्ती मिळतात. त्यातला एक मावळा घ्या, तीन इंचांचा. साडेपाच फुटी माणूस म्हणजे 66 इंच. याचा अर्थ आपण माणूस 22 पटींनी लहान केला. आता असं सांगणारे पुष्कळ भेटतात की, मूर्ती लहान झाली तरी उजेड लहान होत नाही, म्हणून सावल्या नीट पडत नाहीत आणि त्या रंगवाव्या लागतात. ऐकायला पटतं, पण तपासून बघा. अंगरख्याची घडी 22 पट लहान झाली, तर तिची सावलीही 22 पट लहान पडते. प्रमाण कुठे बिघडलं? सावली फिकी दिसते ती वेगळ्या कारणाने. साच्यातून मूर्ती अखंड निघायला हवी, म्हणून कारागीर घड्या उथळच ठेवतो. दोष उजेडाचा नाही, साच्याचा आहे.

मग लहान काय होत नाही? रंग. डबीतला रंग जसा भिंतीला, तसाच मावळ्याला. त्याचा एक दशांश मिलिमीटरचा थर मूर्तीवर बसला, तर मावळ्याच्या मापाने तो 2.2 मिलिमीटर झाला. म्हणजे आपण त्याला अंगरख्यावरून गोधडी पांघरली! डोळ्याच्या खाचेत अर्धा मिलिमीटर रंग साचला, तर त्याच्या हिशेबाने ते 11 मिलिमीटरचं लिंपण. परदेशात पटावरच्या युद्धखेळांसाठी 28 मिलिमीटरचे शिपाई रंगवतात, तिथे तर हा गुणाकार साधारण साठपट होतो. म्हणून त्या लोकांचे रंग मुद्दाम बारीक दळलेले आणि पातळ लावता येणारे असतात. निवडीची पहिली कसोटी हीच धरायची : पातळ लावूनही झाकतो का?

सगळे रंग सारखे झाकत नाहीत, बरं का. टायटॅनियम व्हाइट भरपूर झाकतो, कारण त्याच्या कणांचा अपवर्तनांक सुमारे 2.7 आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या माध्यमाचा सुमारे 1.5. या फरकामुळे प्रकाश आत न शिरता माघारी फिरतो. आजकालचे झगझगीत पिवळे आणि बरेचसे लाल मात्र स्वभावाने पारदर्शक असतात. काळ्या अस्तरावर पिवळा चढवून बघा, चार हात दिले तरी हिरवटच. आणि आपल्या किल्ल्यावर तर भगवा झेंडा हवाच! म्हणून झेंड्याखाली आधी पांढरा किंवा यलो ऑकर द्या. यलो ऑकर ही मुळात माती, ती चांगली झाकते. मग वर भगव्याचे दोन पातळ हात पुरतात.

दुसरी कसोटी चकाकीची. खऱ्या कापडाला वीण असते, ती प्रकाश विखुरते. मूर्तीचं कापड गुळगुळीत, त्यामुळे विखुरण्याचं काम रंगालाच करावं लागतं. हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट चमकतो, म्हणून त्यातला मावळा पावसात भिजल्यासारखा दिसतो. पोस्टर कलर सुंदर मॅट, झाकतोही छान. पण तो डिंकातला. दुसरा हात देताना पहिला सुटतो. शिवाय किल्ल्यावर आपण अळीव, मोहरी पेरून रोज पाणी शिंपडणार. तिसऱ्या दिवशी मावळ्याचा रंग ओघळून बुरुजावर! तेव्हा ॲक्रिलिकच घ्या, आणि बाटलीवर मॅट लिहिलेलं बघून घ्या. पाण्यात मिसळतो, वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. प्लास्टर पाणी पितं, म्हणून आधी पातळ पांढऱ्या ॲक्रिलिकचा किंवा जेसोचा एक हात. कच्च्या शाडूला मात्र जपून, ब्रश ओला ठेवलात तर नाकच विरघळायचं.

चंदेरी रंग आम्हाला विशेष आवडत नाही. त्यात धातूच्या चकत्या असतात, त्याही 22 पटींनी मोठ्या होतात आणि तलवार रेतीत लोळल्यासारखी दिसते. करड्या पात्यावर पांढरी रेघ ओढा, धार जास्त खरी वाटते.

आता तुम्ही विचाराल, किती बाटल्या? सात. पांढरा, काळा, लाल, पिवळा, अल्ट्रामरीन निळा, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. बारा-चोवीसचा संच घेऊ नका. त्या संचात बहुधा ‘स्किन’ नावाची एक गुलाबीसर बाटली असते. आमचा प्रश्न एवढाच, कोणाची स्किन? मावळच्या उन्हात राबणाऱ्या माणसाची ती नव्हे. मुलांच्या हातात ती देऊन आपण त्यांना न बोलता काही शिकवत असतो. बर्न्ट सिएनात थोडा ऑकर, किंचित पांढरा. सगळ्या मावळ्यांना एकच मिश्रण नको. नात विचारेल, हा सावळा का? छान झालं, विचारू दे.

शुभ्र अंगरख्याला निव्वळ पांढरा वापरू नका; चिमूटभर ऑकर घाला, म्हणजे घडीच्या कडेला पांढरा लावायला जागा उरते. आणि बाटलीचा रंग बाटलीत बघून ठरवू नका. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात शेव्ह्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तिथे तक्रार आली की काळा रंग फिका पडतो. त्यांनी तपासलं, तर काळ्यात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. यावर त्यांनी 1839 साली ग्रंथच प्रसिद्ध केला. आपला मावळा अळिवाच्या हिरव्यात उभा राहणार, तिथे लाल पगडी जास्तच भडक दिसेल. म्हणून हिरव्या कागदावर ठेवून लाल पारखा, हवा तर सिएनाने जरा निववा. वैशेषिकांचा सातवा प्रकार आठवतो ना? ‘चित्र’. अनेक रंगांच्या कापडाचं रूप हे वेगळंच एक रूप, असं ते मानत. आपणही किल्ल्यावरच्या मूर्तींना चित्रंच म्हणतो. हातभर अंतरावरून दिसतं ते हे एकत्रित रूप. सुटी बाटली कितीही देखणी असो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. माळ्यावरचा जुना ऑइल पेंटचा डबा मुलांना देऊ नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्याचा भरवसा धरू नये. कॅडमियम असलेले कलावंतांचे रंगही घरात मुलं असताना नकोत. आणि ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायची सवय असते, मोठ्यांनासुद्धा. टोक ओल्या फडक्यावर फिरवून काढायचं. नातीला पहिल्याच दिवशी ते दाखवा, रंगाची बाटली उघडायच्या आधी.