घरच्या साथीसाठी यंत्राची निवड

पूर्वी घरी गाणाऱ्याला साथ हवी असली, की शेजारच्या तबलजींची मनधरणी करावी लागे. आज ती सोय खिशातला फोन करतो, आणि संगणकावर तर अख्खा वाद्यवृंद उभा राहतो. तेव्हा साथ मिळेल की नाही, हा आता प्रश्न नाही. अनेक साथींतून आपली कोणती, हा आहे. केवळ जाहिरात पाहून निवड केली तर पैसे जातातच. पण त्याहून मोठा तोटा म्हणजे कानाला चुकीचे वळण लागते.

प्रथम आपण काय गातो, ते पाहावे. रागदारीचा रियाझ करणाऱ्याला तानपुरा व ठेका देणारे साधे ॲप पुरते. त्यात स्वर बारकाईने चढवता-उतरवता यावा आणि तालाचे खंड नीट असावेत. झपतालाच्या दहा मात्रा २-३-२-३ अशा, तर रूपकाच्या सात मात्रा ३-२-२ अशा पडतात. पाश्चात्त्य वळणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा चार मात्रांचे घर आयते मांडलेले असते. सात मात्रांचे घर त्यात करता येते. परंतु ठेका आपला आपण बसवावा लागतो.

भावगीत किंवा चित्रपटगीत म्हणणाऱ्याची गरज निराळी. कॅनडातील पीजी म्युझिकने १९९० साली काढलेल्या ‘बँड-इन-अ-बॉक्स’मध्ये गाण्याचे कॉर्ड व शैली सांगितली, की बास, ड्रम व पियानो यांची साथ तयार होते. ॲपलचे २००४ चे ‘गॅरेजबँड’ त्याच कंपनीच्या यंत्रांवर चालते. त्यात वाद्यांचे तयार तुकडे जोडून साथ रचता येते. २००० साली आलेले ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य आहे. ते स्वतः साथ रचत नाही. पण तयार साथीवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करता येतो, आणि लय न बदलता पट्टी बदलता येते. ज्याची पट्टी काळी दोन आहे, त्याला हा मोठाच आधार.

आता स्वरांचे पाहू. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ वर येतो. सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या कीबोर्डाचा ४०० वर. नभोवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, तेव्हा पेटीच्या ठरीव स्वरांवर हाच आक्षेप होता. ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली, तरी आक्षेपातले तथ्य उरतेच. म्हणून रियाझ तानपुऱ्यावर करावा आणि कीबोर्डाची साथ गाणे बसल्यावर घ्यावी. ध्वनिमुद्रणाच्या वेळी हेडफोन तारेचा वापरावा. बिनतारी हेडफोनात आवाज उशिरा पोचतो आणि गाणारा लयीत मागे पडतो.

एवढे सगळे जमले तरी एक उणीव राहते. आमच्या घरच्या एका मुलीने दोन वर्षे केवळ यंत्राबरोबर रियाझ केला. पुढे गणेशोत्सवात ती गायला बसली. एका जागी तिचा श्वास अडला, तबलजींनी लय जराशी सांभाळून घेतली. पण साथीदार आपल्यासाठी थांबतो हे तिला ठाऊकच नव्हते, आणि सम हुकली. यंत्र वाजते, पण ते आपले ऐकत नाही. तेव्हा सॉफ्टवेअर अवश्य घ्यावे, आधी अर्धा तास वापरून पाहून घ्यावे. मात्र आठवड्यातून एकदा तरी माणसाबरोबर गावे.